लेकराचा कान फुटला, तर कानात काहीच टाकू नका

दिवाळी सरली, कापसाच्या वेचणीला जोर आला की उपकेंद्राच्या ओट्यावर सकाळी सातलाच कुणीतरी माय लेकरू कडेवर घेऊन उभी असते. "बाई, रातभर रडूनच रायलं. दूध तोंडात घेते अन् लगेच सोडून देते. कानाले हात लावू देत नाही." तिच्या मागे सासू असते आणि सासूच्या हातात बहुतेक वेळा एक छोटी बाटली. लसूण कडकवून काढलेलं तेल. त्यातले दोन-तीन थेंब रात्रीच कानात गेलेले असतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात बरीच वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. पण त्याआधी मी आई होते, आणि माझ्या थोरल्या मुलीच्या कानात मीही असंच तेल टाकलं होतं. तिचा कान वाहायचा, थांबायचा, पुन्हा वाहायचा. डाव्या कानानं तिला आजही कमी ऐकू येतं. ते तेलानंच झालं असं मी म्हणत नाही. पण तेलाच्या भरवशावर आम्ही जे सात-आठ महिने दवाखान्याची पायरी चढलो नाही, ते महिने तिला नडले. म्हणून हे सगळं नीट, पहिल्या रात्रीपासून सांगते.

दुखणं कानात, पण येतं नाकातून

एवढी एक गोष्ट पटली की पुढचं सगळं सोपं होतं. कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूला एक लहानशी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. ही नळी पोकळीत हवा खेळती ठेवते आणि तिथलं पाणी घशाकडे उतरवते. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते. तान्ह्या बाळात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. बाळाला सर्दी झाली की नळीचं अस्तर सुजतं, तोंड बंद होतं, आत पाणी साचतं. नाकाघशातले जंतू त्या पाण्यात पोचले की तिथं पू होतो. पू पडद्याला आतून दाबतो, ती खरी कळ. दाब फार वाढला की पडद्याला बारीक भोक पडतं आणि पू बाहेर येतो. त्यालाच आपण कान फुटला म्हणतो.

म्हणजे आंघोळीचं पाणी कानात गेलं म्हणून हे होत नाही, आणि वारं लागलं म्हणूनही नाही. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर होतं. सहा महिने ते दोन वर्षं या वयात सगळ्यात जास्त होतं. पडदा शाबूत असेल तर वरून टाकलेलं तेल त्या पुवापर्यंत पोचतच नाही. पडदा फुटलेला असेल तर पोचतं, आणि ते जास्त वाईट: तेलाबरोबर बाहेरची घाण थेट आतल्या नाजूक भागात जाते.

लसणाचं तेल, ओव्याचं तेल, आईचं दूध, गोमूत्र, कुणी सांगितलेला पाल्याचा रस, यातलं काहीच कानात टाकू नका. तापलेल्या तेलानं कानाची कातडी भाजलेली लेकरं मी पाहिली आहेत. सासूबाईंना हे सांगताना मात्र जपून सांगा. त्या मायेपोटीच करतात. "आजी, तेल टाळूवर घाला, मालिश करा, कानात नको," एवढं म्हटलं तरी बऱ्याच आज्या ऐकतात.

बाळ सांगत नाही, मग ओळखायचं कसं

कान ओढणं हे लक्षण सगळ्यांना माहीत आहे, पण एकट्या त्यावर जाऊ नका. दात येताना, झोप आली असताना, नुसत्या चाळ्यानंही बाळं कान ओढतात. सर्दी आणि ताप असेल, त्यात बाळ कान ओढत असेल, तर शंका घ्या.

मी आईला पहिला प्रश्न विचारते: दूध पिताना काय करतं? कान दुखणारं बाळ भुकेनं स्तनाला लागतं, दोन-चार घोट घेतं आणि किंचाळून तोंड बाजूला करतं. चोखताना-गिळताना कानातला दाब बदलतो आणि कळ येते. दुसरा प्रश्न: आडवं केलं की रडणं वाढतं का? खांद्यावर घेतलं की शांत आणि झोळीत टाकलं की आकांत, असं असेल तर कानाचा विचार आधी करा. याशिवाय ताप, चिडचिड, उलटी, पातळ संडास हेही होतं. पातळ संडास पाहून घरचे पोटाचं औषध शोधत बसतात आणि कान राहून जातो.

आणखी एक खूण फसवी आहे. रात्रभर रडलेलं बाळ पहाटे अचानक शांत झोपतं आणि सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, घाण निघून गेली. पडदा फुटून दाब कमी झाला म्हणून दुखणं थांबलेलं असतं. जंतू तिथंच असतात. त्या दिवशी दवाखाना चुकवायचा नाही.

"दात येऊन रायले, म्हणून ताप आहे," हेही फार ऐकते. दातांनी अंग किंचित कोमट होईल, पण सणसणून ताप येत नाही. तापाचं कारण शोधावंच लागतं. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात तर कान दुखत असला तरी आशाताईकडून बोटाच्या रक्ताची तपासणी करून घ्या.

पहिली रात्र घरी कशी काढायची

रात्रीचे अकरा, गाडी नाही, एसटी सकाळी. बाळ तीन महिन्यांपेक्षा मोठं आहे आणि पुढे सांगितलेली धोक्याची कोणतीही खूण नाही, तर रात्र घरी निभावता येते.

आधी ताप मोजा. हाताच्या अंदाजावर राहू नका. साधा डिजिटल थर्मामीटर प्रत्येक लेकुरवाळ्या घरात हवा. काखेत धरा, आवाज येईपर्यंत हात दाबून ठेवा.

मग पॅरासिटामॉल. दुखण्यावर आणि तापावर हेच एक औषध घरी देण्यासारखं आहे, आणि इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: एका किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. वजन कुठून आणायचं? अंगणवाडीत दर महिन्याला होतं, कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड पेटीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा.

आता बाटली नीट बघा. थेंबांच्या छोट्या बाटलीत साधारणपणे १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरप दोन ताकदीचं मिळतं: ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम, किंवा ५ मिलिलिटरमध्ये २५०. आठ किलोच्या बाळाला १०० मिलिग्रॅम द्यायचं ठरलं, तर थेंबांच्या बाटलीतून १ मिलिलिटर होतो, १२५ च्या सिरपमधून ४ मिलिलिटर आणि २५० च्या सिरपमधून २ मिलिलिटर. थेंबांची बाटली सिरप समजून चमचा भरून पाजली, तर पाच पट औषध पोटात जातं आणि लिव्हरला इजा होऊ शकते. म्हणून चहाचा चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. आपली बाटली कोणती आणि आपल्या बाळाला किती, हे आशाताई किंवा सिस्टरकडून एकदा कार्डाच्या मागे लिहून घ्या. रात्री अकराला हिशेब सुचत नाही.

अॅस्पिरिन लहान मुलांना कधीच नाही. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी देशात २०११ पासून बंद आहे, तरी घरातल्या मोठ्यांची गोळी चिमूटभर कुटून बाळाला देणारे अजून भेटतात. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूचा फेरा असतो. त्यामुळे तापाचं कारण कळेपर्यंत आयबुप्रोफेनसुद्धा स्वतःच्या मनानं देऊ नका. सर्दी-खोकल्याचं सिरप दोन वर्षांखालच्या बाळाला द्यायचंच नाही. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ साली विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपनं लहान लेकरं दगावली. त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत उपचार घेत होती. आणि त्या सिरपनं कानाला काही फायदाही होत नाही.

औषध दिल्यावर अर्धा तास थांबा, मग अंगावर घ्या. कळ उतरलेली असते, बाळ पितं. तरी ओढत नसेल तर दूध पिळून वाटीत घ्या आणि बोंडल्यानं किंवा चमच्यानं थोडं थोडं पाजा. पाजताना डोकं उंच, छातीशी उभट धरा. नाक चोंदलं असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे साध्या सलाइनचे नाकाचे थेंब पाजण्याआधी एक-दोन सोडा. बाळाच्या तोंडासमोर गरम पाण्याची वाफ धरू नका, भाजतं. कानावर बाहेरून कोमट, कोरड्या फडक्यानं हलका शेक चालेल. फडकं आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा.

अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही

बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे आणि अंग तापलं आहे, एवढंच पुरेसं कारण आहे. इतक्या लहान बाळाला घरी तापाचं औषध देऊन बघायचं नाही, निघायचं.

कोणत्याही वयाच्या बाळाला दूध पाणी काहीच घेता येत नसेल, प्यायलेलं सगळं उलटून पडत असेल, झटका आला असेल, किंवा हलवूनही नीट जागं होत नसेल, तर लगेच निघा. टाळू फुगली असेल, मान ताठ झाली असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, तरीही.

कानाच्या मागे बघायला विसरू नका. बाळाला मांडीवर बसवून मागून दोन्ही कान सोबत बघा. एका कानामागचं हाड सुजलेलं, लाल, हात लावला की रडणारं असेल आणि तो कान पुढे ढकलल्यासारखा दिसत असेल, तर पू हाडात उतरला आहे. हे गावात बरं होत नाही. आधी इंजेक्शन किंवा अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि मग मोठा दवाखाना.

सोबत खोकला असेल तर श्वास मोजा, कारण तेच जंतू छातीतही उतरतात. बाळ शांत असताना अंगडं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, एक वर्षावरच्याला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका.

रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात औषधोपचार आणि ने-आण मोफत आहे, हे माहीत नसल्यानं कितीजण उसने पैसे शोधत बसतात आणि वेळ जातो.

दवाखान्यात

धोक्याची खूण नसेल तर सकाळी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. कानात दुर्बिणीनं बघा, असं डॉक्टरांना म्हणायला संकोच करू नका. पडदा लाल आणि फुगलेला आहे का, भोक आहे का, हे पाहिल्याशिवाय कानाचा आजार पक्का होत नाही. सर्दी कधीपासून, ताप किती, कान कधीपासून वाहतो, आधी कधी वाहिला होता का, आणि कानात काय काय टाकलं, हे खरं सांगा. तेल टाकलं असेल तर तेही. कोणी रागावलं तरी चालेल.

बहुतेक बाळांना अमॉक्सिसिलिन देतात. बाळ सहा महिन्यांपेक्षा मोठं, एकच कान, ताप थोडा असेल, तर काही डॉक्टर दुखण्याचं औषध देऊन दोन-तीन दिवस थांबायला सांगतात. ते बरोबर आहे, बरेच कान आपोआप बरे होतात. पण तुमच्या गावाला एकच एसटी येत असेल, दोन दिवसांनी परत येणं जमणार नसेल, तर ते त्यांना तिथंच सांगा. त्यावर त्यांचा निर्णय बदलू शकतो.

औषधाची पूड असलेली बाटली मिळाली तर पाणी उकळून गार केलेलं हवं. आधी बाटली ठोकून पूड मोकळी करा, खुणेच्या थोडं खालपर्यंत पाणी घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. दर वेळी पाजण्याआधी हलवा. फ्रिज नसेल तर डॉक्टरांना विचारून पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मागा. एका डोसापुरती गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते, नासायची भीती नाही. पाच दिवस की दहा दिवस, हे डॉक्टर ठरवतील. तिसऱ्या दिवशी बाळ खेळायला लागलं म्हणून उरलेलं औषध धाकट्यासाठी ठेवून देऊ नका.

औषधानं संडास जरा पातळ होते, तेव्हा अंगावरचं दूध आणि ओआरएस चालू ठेवा. अंगावर पुरळ उठलं, ओठ किंवा डोळे सुजले, तर औषध थांबवून लगेच दाखवा. औषध सुरू करून दोन-तीन दिवसांत ताप आणि रडणं कमी झालं नाही, तर परत जा, औषध बदलावं लागतं.

मेडिकलमधून मनानं कानाचे थेंब आणू नका. पडद्याला भोक असताना जेंटामायसिन, निओमायसिनसारख्या औषधांचे थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. कोणते थेंब कधी चालतात, हे कान बघणाऱ्यानंच सांगायचं.

वाहणारा कान कोरडा कसा करायचा

हे काम दवाखाना करत नाही, आईच करते, आणि औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. देवापुढची वात वळता येते ना, मग हे जमेल.

फक्त कापूस घरचा घेऊ नका. आपल्याकडे कोपऱ्यात कापसाचं गाठोडं असतंच, पण सरकी काढलेल्या कच्च्या कापसाला नैसर्गिक मेण असतं. तो पाणी शोषत नाही आणि त्याचे तंतू कानात अडकतात. जुन्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा मऊ तुकडा घ्या, उकळा, कडक उन्हात वाळवा, स्वच्छ डब्यात ठेवा.

१. साबणानं हात धुवा. कापडाच्या कोपऱ्याची टोकदार वात वळा.
२. एकीनं बाळाला मांडीवर धरून डोकं स्थिर ठेवावं. दुसरीनं कानाची पाळी हलकेच खाली आणि मागे ओढावी. लहान बाळात कानाचा मार्ग तसा सरळ होतो.
३. वातीचं टोक अलगद आत ठेवा, खुपसू नका. ओली झाली की काढा.
४. नवी वात घ्या. वात कोरडी निघेपर्यंत असंच करा.
५. थेंब सांगितले असतील तर आता टाका. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा.

दिवसातून किमान तीनदा, कान पूर्ण कोरडा राहीपर्यंत. वापरलेल्या वाती जाळा. कानात बोळा कोंबून ठेवायचा नाही, पू आत तुंबतो. काडी, केसातली पिन, बाजारातली कापूस लावलेली काडी, कशानंही आत कोरायचं नाही. आंघोळीत कानात पाणी जाऊ देऊ नका. उघड्या वाहत्या कानावर माशा बसतात आणि त्यातून अळ्या पडलेली लेकरंही मी पाहिली आहेत. माय शेतात असते आणि लेकरू मोठ्या बहिणीजवळ झोळीत. त्या बहिणीलाही वात करायला शिकवा आणि झोळीवर मच्छरदाणी टाका.

चौदा दिवसांनंतरही कान वाहत असेल तर तो जुनाट झाला. त्याला तोंडानं घ्यायच्या औषधापेक्षा बहुतेक वेळा योग्य थेंब आणि रोजची वात लागते. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. नागपूर, यवतमाळ, अकोला इथली सरकारी मेडिकल कॉलेजं किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आपल्याला जवळ आहे.

पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. बाटली शक्यतो नको, आणि द्यावीच लागली तर बाळाला आडवं झोपवून तोंडात देऊन ठेवायची नाही, दूध नाकामागे जातं.

न्यूमोकोकल लस कान बिघडवणाऱ्या एका मोठ्या जंतूविरुद्ध आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून ती सरकारी लसीकरणात मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. नऊ महिन्यांचा डोस बऱ्याच जणी चुकवतात, कारण मधे मोठा खंड पडतो. गोवराची लसही त्याच वेळी असते, आणि गोवरानंतर कान बिघडण्याची भीती असते.

मग धूर. पऱ्हाटी आणि तुराट्या पेटल्या की घरभर धूर होतो, नळीचं अस्तर त्यानंही सुजतं. गॅस आहे पण सिलिंडर जपून वापरायचा म्हणून चूल पेटते, हे मला ठाऊक आहे. मग निदान बाळाची झोळी त्या खोलीत नको. आंघोळीनंतरची धुरी बंद करा, आणि बिडी ओढणाऱ्यानं घराबाहेर जावं, बाळ पुढ्यात घेऊन ओढू नये.

कान सुकल्यावर ऐकू येतं का, ते बघा

पू थांबला तरी पडद्यामागचं पाणी काही आठवडे राहतं. बहुतेक बाळांत ते तीन महिन्यांत निघून जातं. तोवर ऐकणं थोडं बंद बंद असतं, पाण्यात बुडून ऐकल्यासारखं. तीन महिन्यांनंतरही पाणी असेल, किंवा कान वर्षात अनेकदा वाहत असेल, तर बोलणं मागे पडतं. मग शाळेत त्या पोराला सगळे मठ्ठ म्हणतात.

घरी बघायचं ते असं. बाळ मांडीवर खेळत असताना, त्याला न दिसता, मागून एका बाजूला वाटी-चमचा हलकेच वाजवा. मग दुसऱ्या बाजूला. सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे मान वळवतं. वर्षाच्या आत स्वतःच्या नावाला वळतं आणि वर्षाच्या सुमारास बाबा, मामा असा एखादा शब्द काढतं. एकाच बाजूला वळत असेल तर तेही लिहून ठेवा. माझी मुलगी नेहमी उजवीकडेच वळायची आणि आम्ही त्याला तिची सवय समजलो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी बाळाला शेतावर नेऊ नका. कान वाहिला होता, किती दिवस वाहिला आणि वाटीच्या आवाजाला बाळ कोणत्या बाजूला वळलं, हे पथकातल्या डॉक्टरांना सांगा. पुढच्या तपासणीची चिठ्ठी ते तिथंच देतात.